गड्ड्याला जाताय? मग हे वाचून निघा की

पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट, सोलापूरचा गड्डा एका फेरीत करायचा नसतो. एकदा यात्रेसाठी यायचं आणि एकदा बाजारासाठी. दोन्ही एकाच संध्याकाळी उरकायला गेलं की यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वजही नीट दिसत नाहीत, खरेदीही होत नाही, पोरं रडून रडून खांद्यावर झोपतात आणि माणूस "गर्दी लई होती" एवढंच सांगत घरी येतो. पुण्या-मुंबईहून येणारे बरेच पाहुणे हेच करतात, संक्रांतीच्या रात्री आठ वाजता होम मैदानात शिरतात आणि मग गड्डा म्हणजे नुसती धक्काबुक्की असं मत करून जातात. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नवीन माणसासाठी थोडक्यात सांगतो. गड्डा म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर महाराजांची यात्रा, आणि तिच्यासोबत होम मैदानावर भरणारा उघड्यावरचा मोठ्ठा बाजार, पाळण्यांसकट. शेजारी सिद्धेश्वर तलाव, पाण्यात मंदिर, काठाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, आणि हे सगळं शहराच्या ऐन मध्यात, म्हणजे पार्क चौकातून चालत पाच मिनिटांत. सिद्धेश्वर महाराज म्हणजेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण म्हणजे शिवभक्त संत, कन्नडमध्ये वचनं रचणारे, आणि लोकांसाठी तलाव खोदणं ही त्यांच्या लेखी भक्तीच होती. म्हणून माझं म्हणणं असं की गड्ड्याला आलेल्या माणसाने आधी तलाव बघावा, मग दुकानं.

कोणत्या दिवशी काय असतं

कॅलेंडर हातात घ्या आणि संक्रांत कधी आहे ते बघा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. संक्रांत १४ जानेवारीला असेल तर १२ ला तैलाभिषेक म्हणजे यण्णीमज्जन, १३ ला भोगीच्या दिवशी अक्षता सोहळा, १४ ला होम, १५ ला किंक्रांतीला शोभेचं दारूकाम आणि १६ ला कप्पडकळी, म्हणजे यात्रेची सांगता. संक्रांत १५ ला आली की सगळं एक दिवस पुढे सरकतं, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी हे बघून घ्या, नाहीतर अक्षता हुकते. बाजार आणि पाळणे मात्र या पाच दिवसांत संपत नाहीत, साधारण जानेवारी संपेपर्यंत चालतात. आणि इथेच खरी सोय आहे.

यात्रेसाठी एकच दिवस काढता येत असेल तर अक्षतेचा काढा. कथा अशी सांगतात की एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते तर योगी, म्हणून त्यांनी आपला योगदंड दिला आणि त्याच्याशी लग्न लागलं. तेच लग्न दरवर्षी लागतं. सात नंदीध्वज, उंचच उंच काठ्या, एकेक माणूस कमरेला पट्टा बांधून ती काठी तोलत चालतो, आणि काठ्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून मिरवणूक निघते आणि मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर येते. बाराबंदी म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा घातलेली हजारो माणसं, सगळीकडे पांढरंच पांढरं, मधूनच "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर उठतो आणि अंगावर काटा येतो. संमती वाचन, म्हणजे या लग्नातलं मंगलाष्टकांसारखं वाचन, दुपारी होतं. कट्ट्याजवळ जागा पाहिजे असेल तर सकाळीच या, पाणी-टोपी घेऊन या, जानेवारी असला तरी सोलापूरचं दुपारचं ऊन ते ऊनच. लहान मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर कट्ट्याजवळ घुसायच्या भानगडीत पडू नका, मिरवणुकीच्या वाटेवर बाळीवेस भागात कडेला उभं राहा, तिथून नंदीध्वज अगदी समोरून जातात आणि मागे हटायला जागाही असते.

तैलाभिषेकाचा दिवस बाहेरच्या लोकांना फारसा माहीत नसतो पण मला तो सगळ्यात आवडतो. सिद्धरामेश्वरांनी शहरात आणि आसपास स्थापन केलेली ६८ लिंगं आहेत, त्या सगळ्यांना तेल घालत नंदीध्वज दिवसभर फिरतात. ज्यांना जुनं सोलापूर बघायचंय त्यांनी थोडा वेळ मिरवणुकीबरोबर चालावं, पेठांमधून, वेशींमधून, दारादारात रांगोळ्या असतात, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच गल्लीत ऐकू येतं. १२ जानेवारी आपल्या गावात आणखी एका कारणानं मोठी तारीख आहे. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. पार्क चौकाजवळ या चौघांचे पुतळे आहेत, गड्ड्याला जाताना वाटेतच लागतात, दोन मिनिटं थांबा, पोरांना नावं वाचून दाखवा.

होमाची रात्र गर्दीची असते, पहिल्या नंदीध्वजाला नागफणी, म्हणजे नागाच्या फण्याची सजावट, बांधतात ती त्याच दिवशी. होमानंतर रात्री उशिरा भाकणूक होते, वासरू सोडतात आणि त्याच्या वागण्यावरून पाऊसपाण्याचा, भावाचा अंदाज सांगतात, शेतकरी मंडळी त्यासाठी जागतात. दारूकामाला मात्र लहान बाळांना आणू नका, आवाज फार असतो. लांबून उभं राहिलात तरी आकाशातलं सगळं दिसतं, पुढे घुसायची काही गरज नाही.

बाजार करायचा तो नंतर

आता बाजाराचं. कप्पडकळी झाली की पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवारमधला कुठलाही दिवस पकडा आणि दुपारी चारच्या सुमारास या. त्या वेळी दुकानदार नुकतंच झाडून-पाणी मारून बसलेला असतो, त्याला बोलायला वेळ असतो, माल हातात घेऊन बघू देतो, आणि अंधार पडेपर्यंत तुमची खरेदी उरकून पाळण्यांकडे जाता येतं. शनिवार-रविवार टाळा. रविवारी संध्याकाळी सगळं शहर आणि निम्मा जिल्हा तिथंच असतो.

गाडी आणू नका, हे कळकळीनं सांगतोय. चारचाकी घेऊन पार्क चौकापर्यंत यायचं आणि मग अर्धा तास जागा शोधत फिरायचं यात काय मजा. यात्रेच्या दिवसांत रस्तेही बंद असतात, वळवलेले असतात. स्टेशन किंवा एसटी स्टँडवरून रिक्षा करा, "गड्ड्याला" एवढं म्हटलं की पुरे, बसायच्या आधी भाडं ठरवा. बाहेरगावच्यांसाठी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस आहे, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर आणि २०२३ पासून वंदे भारत. हुतात्मा हे नाव त्याच चौघांमुळे, आणि सिद्धेश्वर कशामुळे ते तर आता सांगायला नको. या दिवसांत तिकीट आधीच काढून ठेवा.

पैसे रोख आणा, सुट्टे आणा. क्यूआर कोड आता सगळीकडे लावलेले असतात पण एवढ्या गर्दीत नेटवर्क जातं आणि मग पैसे गेले की नाही यावरून वाद होतो, मागे दहा माणसं खोळंबतात. दहा-वीस-पन्नासच्या नोटा पुढच्या खिशात, बाकीचे आत. मागच्या खिशात पाकीट आणि हातात लटकणारा मोबाईल, दोन्ही नको. सोनं घालून तर येऊच नका, देवाला साधं चालतं. एक-दोन मजबूत कापडी पिशव्या, पाण्याची बाटली, बंद बूट, आणि धुळीचा त्रास असेल तर ओढणी किंवा मास्क. संध्याकाळनंतर गार पडतं म्हणून पोरांना स्वेटर. आणि घरून निघताना बाथरूमला जाऊन निघा, विशेषतः बायकांनी आणि पोरांनी, एवढ्या मोठ्या गर्दीत ती सोय कधीच पुरेशी नसते आणि रांगेत उभं राहून जीव जातो.

पोरांच्या खिशात चिठ्ठी ठेवा, त्यावर आईचा आणि बापाचा दोघांचा नंबर, नाव आणि गाव. चार-पाच वर्षांच्या पोराला नंबर पाठ असला तरी घाबरल्यावर आठवत नाही. आत शिरल्या शिरल्या भेटायची जागा ठरवून घ्या. मोठा आकाशपाळणा ठरवू नका, सगळं जग तिथंच भेटायचं ठरवतं. कुठलंतरी प्रवेशद्वार किंवा पोलिसांचा मंडप ठरवा आणि तो मुलांना प्रत्यक्ष दाखवून ठेवा. हरवलेल्या मुलांची नावं माईकवर पुकारतात, त्यामुळे चुकामूक झालीच तर पळापळ न करता आधी तिथं जा.

काय घ्यायचं, कसं बघायचं

स्वयंपाकघरातलं लोखंडी सामान गड्ड्यात घेण्यासारखं असतं. तवा घेताना सपाट फरशीवर किंवा दुकानदाराच्या फळीवर पालथा आणि सुलटा दोन्ही ठेवून बघा, डुगडुगला तर घेऊ नका, गॅसवर तो कधीच सरळ बसणार नाही. भाकरीसाठी जाड तवा घ्या, पातळ तव्यावर भाकरी मधेच करपते. कढईच्या कडांना रिव्हेट असतील तर हलवून बघा. घरी आल्यावर घासून, तेल लावून, दोन-तीनदा तापवून मगच वापरायला काढा.

दगडी खलबत्ता किंवा पाटा-वरवंटा घेताना ओलं फडकं मागा आणि पुसून बघा, काळा रंग फडक्याला आला तर रंग दिलेला माल आहे. किल्लीनं तळाला ओरखडा काढायला परवानगी मागा, भुगा पडायला लागला तर तो सिमेंटचा, सोडून द्या. चांगला दगड हाताला जड लागतो आणि आतून थोडा खरबरीत असतो. चिनी मातीच्या बरण्यांना बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे कुठंतरी तडा गेलेला. लोणच्याची बरणी असेल तर झाकण बसवून बघा, दुसऱ्याच बरणीचं झाकण चिकटवून दिलेलं असतं बऱ्याचदा.

बांगड्यांसाठी घरची मापाची बांगडी सोबत आणा. ज्यांच्यासाठी घ्यायच्या त्या सोबत नसतील तर माप सांगून बांगड्या घेण्यात अर्थ नाही. सेलवरची खेळणी पैसे द्यायच्या आधी चालवून दाखवायला सांगा. स्वेटर-ब्लँकेटवाले बाहेरच्या राज्यांतून येतात, त्यांच्याकडे माल बघायला भरपूर असतो, शिवण आतून उलटून बघा.

चादर आणि टॉवेल मात्र गड्ड्यात रस्त्यावरच्या ढिगातून घेऊ नका. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हातमाग-यंत्रमागावर पिढ्या घालवलेल्या माणसांचं काम आहे ते, आणि तेच नाव लावून भलताच माल खपवला जातो. एक दिवस वेगळा काढा, चाटी गल्लीत किंवा नव्या पेठेत जा, नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्याच्याच दुकानात जा, बिल घ्या. चादर दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरा, वीण दाट आणि एकसारखी दिसली पाहिजे, जॅकार्डची, म्हणजे विणतानाच काढलेली, नक्षी दोन्ही बाजूंनी उलट रंगात उठलेली असते. टॉवेल पहिल्यांदा धुतल्याशिवाय पाणी नीट शोषत नाही, त्यामुळे नवा टॉवेल पाणी ओढत नाही म्हणून लगेच नाराज होऊ नका.

घासाघीस करायची, पण माणूस बघून. मोठ्या स्टॉलवाल्यानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात केली तरी चालते, "मालक, शेवटचं सांगा" म्हणा आणि दोन पावलं पुढे चाला, बोलवायचं असेल तर तो बोलावतो. एकाच दुकानातून तीन-चार वस्तू घेतल्या की भाव आपोआप उतरतो, त्यासाठी घरातल्या चौघांनी चार दुकानांत न विखुरता एकत्र घ्या. पण जमिनीवर पोतं टाकून फुगे, भोवरे, केरसुण्या, बोरं विकत बसलेल्या मावशीकडे पाच रुपयांसाठी भांडू नका. ती दिवसभर त्या धुळीत बसलेली असते आणि तिच्यामागे मोठं भांडवल नसतं. "मावशी, एक जास्त टाका की" एवढं म्हटलं तरी ती खुशीनं टाकते.

खाण्याचं

गड्ड्यात भजी, भेळ, उसाचा रस, पापड, चाट, आइस्क्रीम सगळं मिळतं. माझा नियम साधा, जे डोळ्यांसमोर गरम तेलातून निघतंय ते खायचं, कापून उघडं ठेवलेलं फळ आणि बर्फाचं पाणी नाही. रस प्यायचा तर बिनबर्फाचा. मोठ्या पाळण्यांत बसायचं असेल तर आधी बसून घ्या, मग खा, उलट केलं तर काय होतं ते प्रत्येक पाळण्याखाली बघायला मिळतं.

पण खरं सोलापुरी खाणं या दिवसांत गड्ड्याबाहेर असतं आणि ते चुकवू नका. भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, संक्रांतीला शेंगापोळी. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका, हॉटेलात ही चव नाही. हुरड्याचे हेच दिवस, शहराबाहेर रानात कोवळी ज्वारीची कणसं शेणीच्या आगीत भाजून चोळून देतात, सोबत शेंगाचटणी, खोबरं, गूळ. सकाळी हुरड्याला जा आणि संध्याकाळी गड्ड्याला, हा कार्यक्रम पाहुण्यांसाठी एकदम बरोबर बसतो. त्याच दिवशी तुळजापूर किंवा अक्कलकोटही करायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. दोन्ही गावं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहेत, जवळ वाटतात, पण दर्शनाच्या रांगेत दिवस जातो आणि गड्ड्यात पोचता तेव्हा कुणाच्यात उभं राहायचा त्राण नसतो. देवदर्शनाला दुसरा दिवस ठेवा.

घरी न्यायला शेंगाचटणी आणि कडक भाकरी. चटणी मिक्सरमधली आहे की कुटलेली ते दिसतं, कुटलेल्या चटणीला शेंगदाण्याचं तेल सुटून ती थोडी ओलसर, गोळे धरलेली असते, मिक्सरची कोरडी भुरभुरीत. थोडी चाखून मगच घ्या, आणि एकदम दोन किलो न घेता पाव-पाव घ्या, तेलाला वास लागला की सगळी वाया. कडक भाकरी पिशवीत टाकली की गाडीत चुरा होतो, घरून एखादा स्टीलचा डबा आणा.

पाळण्यांबद्दल एक सांगणं आहे. बसायच्या आधी एक पूर्ण फेरी खाली उभं राहून बघा. लॉक लावतात का, लॉक लावल्यावर तो पोरगा हातानं ओढून बघतो का, खालची मोटर-पट्टा उघडा आहे का. शंका आली तर बसू नका, पोरं रडली तरी चालेल. लहान पोरांना आईबापाच्या मांडीवर घेऊन मोठ्या पाळण्यात बसवणारे दिसतात, कृपा करून तसं करू नका.

तलाव आणि किल्ला

लवकर आलात तर बाजारात शिरायच्या आधी मंदिरात जाऊन या. सकाळचं मंदिर आणि तलाव फार शांत असतो, तिन्ही बाजूंनी पाणी, आवारातच महाराजांची समाधी. किल्लाही दिवसाउजेडीच बघायचा. बहामनी काळात बांधलेला, पुढे बऱ्याच हातांतून गेला, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. तटावरून तलावाकडची बाजू बघा, पाणी किल्ल्याच्या रक्षणासाठी कसं कामाला आलं असेल ते तिथं उभं राहिलं की कळतं.

आणि तलावात काहीही टाकू नका. निर्माल्य, पुड्या, कप, माशांसाठी म्हणून चुरमुरे, काहीच नाही. थांबलेलं पाणी आहे, त्यात पडलेलं कुठं वाहून जात नाही, तिथंच कुजतं आणि मासे मरतात. ज्या माणसानं लोकांना पाणी मिळावं म्हणून हा तलाव खोदवला त्याच्याच यात्रेत आपण त्यात कचरा टाकायचा, हे मला बघवत नाही. रिकामी पिशवी सोबत ठेवा आणि कचरा त्यात घालून घरी न्या.

शेतीवाडीची आवड असेल तर विजापूर रोडला रेवणसिद्धेश्वर मंदिराकडे यात्रेच्या दिवसांत जनावरांचा बाजार भरतो, तिकडे सकाळी जा. खिलार बैल बघायला मिळतात. घ्यायचे नसतील तर भाव विचारत फिरू नका, लांबून बघा, आणि मालकाला विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका.

शेवटच्या दोन-तीन दिवसांचं वेगळं गणित असतं. दुकानदारांना माल परत बांधून न्यायचा खर्च टाळायचा असतो म्हणून बरण्या, कुंड्या, कपबश्या, मोठी भांडी बऱ्यापैकी उतरलेल्या भावात मिळतात, पण चांगले रंग आणि पूर्ण सेट तोपर्यंत गेलेले असतात. सहाचा सेट हवा असेल तर आधीच घ्या, सुट्ट्या वस्तू चालणार असतील तर शेवटी जा, आणि त्या दिवशी घरून जुन्या पेपरांचा गठ्ठा आणि सुतळी घेऊन जा, कारण बांधाबांधीच्या गडबडीत गुंडाळून द्यायला दुकानदाराकडे ना कागद उरलेला असतो ना वेळ.